हळू आवाज आणि दूरचा आवाज



मागे एका स्नेहसंमेलनात पाचवीतल्या एका मुलीने कविता म्हटली. तालमीत तिचा शब्दन् शब्द स्पष्ट ऐकू येत असे. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र माइकवाल्या काकांना मीच सांगितले, "इको जरा वाढवा." आवाज एकदम भव्य झाला. टाळ्याही भरपूर पडल्या. कार्यक्रम संपल्यावर पहिल्या रांगेत बसलेल्या तिच्या आजी मला म्हणाल्या, "छान म्हणत होती हो. पण काय म्हणत होती?"

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे उमगले, तेच आजच्या पाठात मांडत आहे.

मांडवगडचा प्रतिध्वनी

मांडवगडच्या सहलीत दाई महालाजवळच्या 'इको पॉइंट'वर आपण सगळेच आपले नाव ओरडतो आणि ते परत ऐकतो. हवेचे तापमान २२ अंश सेल्सिअस असताना ध्वनी सेकंदाला सुमारे ३४४ मीटर जातो. दोन ध्वनी वेगवेगळे ऐकू यायला कानाला त्यांच्यात साधारण ०.१ सेकंदाचे अंतर लागते. तेवढ्या वेळात ध्वनी ३४.४ मीटर जातो. म्हणजे जाऊन-येऊन हिशेब केला, तर भिंत किमान १७.२ मीटर दूर हवी.

संगणक हेच काम भिंतीवाचून करतो. सीडीच्या पद्धतीत एका सेकंदाच्या आवाजाचे ४४,१०० आकडे नोंदवले जातात. त्यातले २२,०५० आकडे थांबवून ठेवले आणि मग मूळ आवाजात निम्म्या जोराने मिसळले, की अर्ध्या सेकंदाने प्रतिध्वनी येतो. तोच पुन्हा पुन्हा फिरवला तर १/२, १/४, १/८ अशी भूमिती श्रेढी तयार होते! या परिणामाला 'डिले' म्हणतात.

निनाद म्हणजे काय?

भिंती जवळ असल्या तर परावर्तित ध्वनी इतक्या लवकर आणि इतक्या दिशांनी येतात की ते सुटे ऐकू येत नाहीत. मूळ आवाजाला चिकटून एक लांब शेपूट तयार होते. हाच निनाद. स्टुडिओत त्याला 'रिव्हर्ब' म्हणतात. न्हाणीघरात आपण सगळेच गायक होतो, ते गुळगुळीत फरशांमुळे. १९४७ साली शिकागोचे ध्वनिमुद्रक बिल पुटनम यांनी स्टुडिओचे न्हाणीघरच निनादासाठी वापरले होते. १९५७ मध्ये जर्मनीत मोठा पोलादी पत्रा टांगून, तो कंप पाववून निनाद निर्माण करणारे यंत्र निघाले. आज ते काम मोबाइलमधले एक साधे अ‍ॅप करते.

ती चालत माइककडे आली

आता आपल्या इंदूरची गोष्ट. लता मंगेशकर यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इथलाच. १९४९ साली आलेल्या 'महल' चित्रपटातले, खेमचंद प्रकाश यांनी संगीत दिलेले 'आएगा आनेवाला' हे गाणे तुमच्या आजी-आजोबांना विचारा. गाण्याच्या आरंभी आवाज दुरून जवळ येत आहे असे वाटायला हवे होते. लताबाईंनी मुलाखतींतून सांगितल्याप्रमाणे, माइक खोलीच्या मध्यभागी ठेवला होता. त्या कोपऱ्यातून गात-गात, एकेक पाऊल टाकत माइकपर्यंत आल्या. हे नीट जमेपर्यंत अनेकदा करावे लागले.

इथे एक प्रश्न पडतो. आवाजाचे बटण हळूहळू वाढवले असते तर चालले नसते का? नसते. कारण हळू आवाज आणि दूरचा आवाज या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. गाणारा माइकपासून दुप्पट लांब गेला की त्याच्याकडून थेट येणारा ध्वनिदाब निम्मा होतो. भिंतींवरून येणारा निनाद मात्र खोलीत सगळीकडे जवळजवळ सारखाच असतो. म्हणून लांबून गायले की थेट आवाज कमी आणि निनाद जास्त, जवळ आले की उलट. या प्रमाणावरूनच आपला मेंदू अंतर ओळखतो. बटणाने दोन्ही एकत्र वाढले असते, प्रमाण तेच राहिले असते.

निनाद वाढवण्याचे बटण नेमके हेच प्रमाण बदलते. आता आजींचा प्रश्न सुटला ना? आम्ही त्या मुलीचा आवाज मोठा केला असे आम्हाला वाटले. प्रत्यक्षात आम्ही तिला आजीपासून दूर नेऊन उभे केले होते. त्यातून सभागृहाच्या भिंती मोकळ्या. तिथला स्वतःचा निनाद होताच, त्यात यंत्राचा मिसळला. एका अक्षराची शेपूट पुढच्या अक्षरावर पडली आणि शब्द बुडाले.

आणखी काही परिणाम

तंबोऱ्याच्या घोडीवर तारेखाली सुती दोरा असतो. तो किंचित सरकवला की स्वर तोच राहतो, पण रंग बदलतो, जवारी खुलते. मूळ स्वराबरोबर दुप्पट, तिप्पट, चौपट वारंवारतेचे स्वरही वाजत असतात. त्यांचे प्रमाण दोऱ्याने बदलते. 'इक्वलायझर' हे यंत्रही वेगवेगळ्या वारंवारतांचे प्रमाण कमी-जास्त करते. स, श, च, त या व्यंजनांची ओळख बरीचशी वरच्या वारंवारतांत असते. म्हणून नुसता खर्ज वाढवला की आवाज भारदस्त होतो, पण शब्द घोगरे होतात.

'कम्प्रेसर' मोठा आवाज आवरतो. त्याचे प्रमाण ४ : १ ठेवले, तर ठरवलेल्या मर्यादेच्या वर ८ डेसिबल गेलेला आवाज २ डेसिबलच वर जातो. योग्य वापरला तर कुजबुजही ऐकू येते. अति वापरला तर कुजबुज आणि आरोळी सारखीच होते, भाव सपाट होतो.

'ऑटो-ट्यून' १९९७ साली आले. त्याचे जनक अँडी हिल्डेब्रँड आधी खनिज तेलाच्या शोधासाठी भूगर्भातून येणाऱ्या ध्वनिलहरींचा अभ्यास करीत. हे तंत्र घसरलेला आवाज जवळच्या स्वरावर ओढते. पण आपल्या संगीतात दोन स्वरांमधली मींड हाच तर प्राण! यंत्र कडक लावले तर त्याला ती चूकच वाटते, आणि ते ती पुसून टाकते.

करून पाहा

१. कवितेची एकच ओळ मोबाइलवर तीनदा ध्वनिमुद्रित करा : तोंडापासून एक वीत अंतरावर, त्याच खोलीत दहा पावलांवर आणि कपड्यांनी भरलेल्या उघड्या कपाटासमोर.

२. पहिले ध्वनिमुद्रण आवाज कमी करून ऐका. ते दूरचे वाटते की फक्त हळू? वहीत लिहा.

३. प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाने आला, तर भिंत किती मीटर दूर असेल?

पालक आणि विश्वस्तांस

स्पर्धेसाठी मुलांचे गाणे ध्वनिमुद्रित करताना आधी परिणामाशिवाय ऐकावे. निनाद बेसूरपणा थोडा झाकतो, पण त्यामुळे मुलाला आपली चूक कळतच नाही. सभागृहासाठी नवे यंत्र घेण्याआधी मागच्या भिंतीला जाड पडदे लावून आणि खाली सतरंज्या अंथरून पाहावे. खर्च कमी आणि गुण अधिक.

आणि माइकवाल्या काकांना सूचना देण्यापूर्वी शिक्षकांपैकी एकाने शेवटच्या रांगेत जाऊन बसावे. त्या मुलीने पुढच्या कार्यक्रमात तीच कविता इको बंद ठेवून म्हटली, तेव्हा मी तिथेच बसलो होतो. टाळ्या जरा कमी पडल्या. आजींना मात्र शेवटची ओळ पाठ झाली होती.