विसार घेण्याआधी यादी कर

कोथरूड, पुणे

चि. मुग्धास,


काल फोनवर तू विचारलंस, ‘मामा, फ्लॅट विकला की घरातलं काय काय त्यांचं होतं?’ घाईत उत्तर द्यावं असा हा प्रश्न नाही, म्हणून पत्र लिहितो.

ताई आणि भाऊजी आता कायमचे तुझ्याकडे बाणेरला आलेत, तेव्हा डहाणूकर कॉलनीतलं घर विकायचा तुमचा निर्णय मला पटतो. घेणारी माणसंही बरी भेटली आहेत. पण भाव ठरला म्हणजे सगळं ठरलं असं समजू नकोस. बँकेच्या गृहकर्ज विभागात असताना मी पाहत आलो की भावाची घासाघीस लोक विसरून जातात. मनं दुखावतात ती ताबा घेताना. कुलूप उघडावं आणि गिझरच्या जागी भिंतीतून डोकावणारे दोन पाइप दिसावेत, तेव्हा घेणाऱ्याला वाटतं की आपल्याला फसवलं. देणाऱ्याला वाटतं, माझी वस्तू मी नेली. दोघंही मनापासून बोलत असतात, कारण त्या वस्तूबद्दल आधी कुणी बोललेलंच नसतं.

कायदा काय म्हणतो ते आधी सांगतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ सालचा आहे. त्याच्या कलम ८ मध्ये घराचा मुद्दाम उल्लेख आहे. घर दिलं की त्याची कुलपं, किल्ल्या, अडसर, दारं, खिडक्या आणि कायमच्या वापरासाठी केलेल्या बाकी सगळ्या वस्तू त्याच्याबरोबर जातात. कलम ३ मध्ये ‘जमिनीला जोडलेलं’ म्हणजे काय ते आहे: मुळं धरलेली झाडं, जमिनीत रोवलेल्या भिंती आणि इमारती, आणि त्यांचा कायम उपभोग घेता यावा म्हणून त्यांना जोडलेल्या वस्तू. ताईचा बंगला असता तर अंगणातला आंबा घराबरोबर गेला असता, कुंड्या मात्र तिच्या तिला नेता आल्या असत्या.

१८८२ मध्ये आपल्याकडे घरोघरी गिझर नव्हते, किचन ट्रॉल्याही नव्हत्या, पण कसोटी आजही चालते: वस्तू कशी जोडली आहे, आणि कशासाठी जोडली आहे. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली डंकन इंडस्ट्रीजच्या खटल्यात हीच कसोटी लावली. खत कारखान्याची यंत्रं कायम तिथेच चालवायच्या हेतूने बसवलेली होती, म्हणून ती स्थावर ठरली आणि त्यांच्यावरही मुद्रांक शुल्क लागलं. इंग्लंडमध्ये १९९६ साली बोथम विरुद्ध टीएसबी बँक या खटल्यात अपील न्यायालयाला एका फ्लॅटमधल्या वस्तू एकेक करून तपासाव्या लागल्या. नळ, टॉवेलचे दांडे आणि स्वयंपाकघरातली पक्की कपाटं घराची ठरली. पडदे, गालिचे आणि फ्रिजसारखी उपकरणं घराची ठरली नाहीत. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण विचाराची दिशा तीच.

यातलं तुझ्या कामाचं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य कलम ८ च्या सुरुवातीलाच आहे. हा नियम उभय पक्षांनी वेगळं काही ठरवलं नसेल तेव्हाचा आहे. म्हणजे तुम्ही लिहून ठेवलंत तर तुमचं लिहिणं वरचढ. म्हणून विसार घेण्याआधी यादी कर आणि ती साठेखताला परिशिष्ट म्हणून जोड. विसार घेतल्यावर हात बांधले जातात. करारापासून ताबा देईपर्यंत घराची काळजी शहाण्या मालकासारखी घ्यायची जबाबदारी कलम ५५ विकणाऱ्यावर टाकतं. त्या काळात ग्रिल उतरवायची नाही, बेसिन बदलायचं नाही. बाथरूमची गळती ट्रॉल्यांच्या मागच्या भिंतीत मुरते आहे, हे भाऊजींना माहीत आहे. तेही सांगून टाक. सहज न दिसणारा दोष आपल्याला ठाऊक असेल तर तो उघड करणं त्याच कलमाने आपल्यावर सोपवलंय.

आता आपल्या घराकडे येतो. ट्रॉल्या, लॉफ्ट, भिंतीतले वॉर्डरोब, सेफ्टी डोअर, ग्रिल, मच्छरजाळ्या, कमोड, नळ, शॉवर, विजेची बटणं: यांचा विचारही करू नकोस, ते त्यांचं. गिझर आणि चिमणीबद्दल वाद घालता येईल, पण मी म्हणेन ठेव. पंखे आणि ट्यूबही ठेव. जुना पंखा उतरवून बाणेरला तुला काय मिळणार? आणि त्या माणसांची नव्या घरातली पहिली रात्र उकाड्यात आणि अंधारात जाईल. इंग्लंडमध्ये घर विकताना टीए१० नावाचा छापील तक्ता भरून देतात. त्यात खोलीवार वस्तू असतात आणि प्रत्येकीपुढे राहणार की जाणार ते लिहायचं असतं. दिवा काढून नेला तर त्या जागी होल्डर आणि बल्ब लावून ती जागा सुरक्षित ठेवायची, इतकं बारीक त्यात धरलेलं आहे. असा तक्ता आपल्याकडे रुळला तर किती घरांतला कडवटपणा वाचेल!

एसी मात्र न्यायचा आहे म्हणालीस. मग तो आताच उतरव आणि भिंतीचं भोक बुजवून घे.

झोपाळ्याबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण ताईचा जीव त्यात आहे आणि माझाही. सदाशिव पेठेतला आपला वाडा पाडायला निघाला तेव्हा तो पाट आणि पितळी कड्या तिने डहाणूकर कॉलनीत आणल्या. हुकांना टांगलेली, एका घरातून दुसऱ्या घरात आलेली ही वस्तू जंगम आहे, हे वेगळं सांगायला नको. स्लॅबमध्ये ओतलेले हूक घराचे, पाट आणि कड्या आपल्या. पण ती माणसं दोनदा घर बघून गेली आणि त्यातल्या बाई झोपाळ्यावर बसून हरखल्या, असं तूच सांगितलंस. त्यांच्या मनात त्या दिवाणखान्यात झोपाळा आहेच. तेव्हा कायदा आपल्या बाजूने आहे एवढ्यावर निर्धास्त राहू नकोस. आजच फोन करून सांग की झोपाळा आईचा आहे, तो आम्ही नेणार. त्यांना वाईट वाटेल, पण विसाराआधी वाटलेलं वाईट फिटतं.

वाड्यावरून एक गोष्ट लिहावीशी वाटते. आपल्या माजघरातलं जमिनीत पुरलेलं उखळ, भिंतीतली फडताळं, कोनाडे हे सगळं वाड्याबरोबर गेलं, कुणी विचारलंही नाही. पेठांतले वाडे पडले तेव्हा सागवानी खांब, तुळया, कोरीव दारं सुटी होऊन विकली गेली. दिनकर केळकरांनी दारं, दिवे, अडकित्ते आयुष्यभर गोळा केले म्हणून आज ते राजा केळकर संग्रहालयात पाहायला तरी मिळतात. कोथरूडच्या मस्तानी महालाचे भाग तर तिथे नेऊन पुन्हा उभे केलेत. मला आजही वाटतं, फडताळाची एक झडप आपण मागून घ्यायला हवी होती. मागितली असती तर मिळाली असती.

पार्किंगचं नीट बघ. ‘पार्किंगसह’ असं एजंटाने जाहिरातीत लिहिलंय, ते काढायला लाव. सोसायटीचं पार्किंग सभासदाला वापरायला दिलेलं असतं. आदर्श उपविधींप्रमाणे ते विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावेही करता येत नाही. बिल्डरलासुद्धा इमारतीखालची खुली पार्किंगची जागा वेगळी विकता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली नहालचंद लालूचंद खटल्यात सांगितलं. नव्या सभासदाने सोसायटीकडे अर्ज करायचा, आणि तसंच त्यांना सांगायचं.

एजंटाने आणखी एक सुचवल्याचं कळलं, की किमतीतले दहा लाख ‘फर्निचर’ म्हणून वेगळ्या करारात दाखवू. याला स्वच्छ नाही म्हण. पुण्यात घराच्या खरेदीवर ७ टक्के मुद्रांक शुल्क आहे, महिलेच्या नावाने घेतलं तर १ टक्का कमी. म्हणजे दहा लाखांमागे घेणाऱ्याचे सत्तर हजार वाचतात, आणि खोटं लिहिल्याची सही तुझी राहते. त्या ‘फर्निचर’मध्ये त्याने ट्रॉल्या आणि वॉर्डरोब धरलेत, जे भिंतीत पक्के आहेत आणि घराचेच भाग आहेत. सोफा, फ्रिज, वॉशिंग मशीन त्यांना हवं असेल तर खऱ्या किमतीची वेगळी पावती कर. त्यात गैर काही नाही.

बाकीचं थोडक्यात. महावितरणचा मीटर बंद करू नकोस, नाव बदलून दे. पाइप गॅसची नळी आणि मीटर कंपनीचे, त्यांना हात लावायचा नाही. ताईच्या नावचा सिलिंडर मात्र एजन्सीला परत कर. वीज, मेंटेनन्स आणि मिळकतकर ताब्याच्या दिवसापर्यंतचे आपण भरायचे. स्वतः राहणाऱ्याला महापालिका मिळकतकरात ४० टक्के सवलत देते, तिच्यासाठी पीटी-३ अर्ज त्यांना करावा लागेल, हे आठवणीने सांग. मूळ करार आणि सोसायटीचं भागपत्र पूर्ण पैसे मिळाल्यावरच द्यायचं. गिझर-चिमणीची वॉरंटी कार्डं एका पिशवीत घाल. नळांच्या कोणत्या कॉकने कुठलं पाणी बंद होतं, ते भाऊजींकडून कागदावर लिहून घे. ते त्यांच्याशिवाय कुणालाच माहीत नाही.

दारावरची नावाची पाटी तू स्वतः उतरव, मजुरावर सोडू नकोस.

शनिवारी दुपारी मी डहाणूकरला येतो. ताईलाही घेऊन ये, खोलीखोलीत फिरून यादी करू. ती सांगेल, तू लिही. दोन प्रती काढू आणि दोन्हींवर दोन्ही पक्षांच्या सह्या घेऊ. दस्तनोंदणीला ओळख पटवायला दोन माणसं लागतात, त्यातला एक मी. तारीख ठरली की आधी कळव, म्हणजे त्या दिवशी दुसरं काम ठेवणार नाही.

तुझा,
मामा