गाडी पासिंग होते, चालकाचे काय?

मालट्रक असो, बस असो की दुधाचा टँकर, ठरावीक मुदतीने ती गाडी आरटीओसमोर उभी करावी लागते. ब्रेक, दिवे, टायर, रिफ्लेक्टर सगळे तपासले जाते आणि मगच पासिंग मिळते. पण गाडीचा सर्वांत महत्त्वाचा भाग म्हणजे स्टिअरिंगमागे बसलेला माणूस. त्याचे पासिंग कसे होते, हा आजच्या लेखाचा विषय आहे. हा विषय फक्त चालकांचा आहे असे समजून पान उलटू नका. आपल्यापैकी प्रत्येक जण कधी ना कधी दुसऱ्याच्या हाती जीव सोपवून प्रवास करतो.

आपल्या जिल्ह्याचे आणि चाकांचे नाते जुने आहे. राज्य परिवहनची पहिली बस १ जून १९४८ रोजी नगरहूनच पुण्याला निघाली. आज साखर हंगामात ऊस, वर्षभर कांदा आणि दूध, शिर्डीची भाविकांची वाहने आणि समृद्धी महामार्गावरून येणाऱ्या रात्रीच्या खासगी बस, असा दिवसरात्र ओघ या जिल्ह्यातून वाहतो. तुमच्या हातातले हे वर्तमानपत्रसुद्धा कोणीतरी झोप मोडून पहाटे तुमच्या गावापर्यंत पोहोचवले आहे.

कायदा काय सांगतो?

प्रवासी किंवा माल वाहणारी गाडी चालवण्याचा परवाना काढताना आणि दर वेळी नूतनीकरण करताना नोंदणीकृत डॉक्टरचा दाखला लागतो. त्याला 'नमुना १-अ' म्हणतात. २०१९ च्या दुरुस्तीपासून हा परवाना पाच वर्षांसाठी मिळतो. त्यापूर्वी ही मुदत तीन वर्षांची होती. म्हणजे आता चालकाची डॉक्टरशी सक्तीची गाठ पाच वर्षांतून एकदाच पडते.

कामाच्या तासांनाही मर्यादा आहे. १९६१ च्या मोटार वाहतूक कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तास काम, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विश्रांती, दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तासांची मोकळीक आणि आठवड्याची सुटी ठरवून दिली होती. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या नव्या श्रमसंहितेत हा कायदा सामावला गेला, तरी दिवसाला ८ तासांची मर्यादा आणि आठवड्याची सुटी कायम आहे.

कागदावर हे चोख आहे. प्रत्यक्षात पैसे खेपेवर किंवा टनावर मिळतात आणि कारखान्याच्या गेटवर रांगेत गेलेला वेळ कोणी मोजत नाही. जो स्वतःच मालक आणि स्वतःच चालक, त्याचे तास तर कोण मोजणार?

फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न

'नमुना १-अ'मध्ये नजर कशी आहे, चष्म्याने दोष भरून निघतो का, २५ मीटरवरची नंबरप्लेट वाचता येते का, लाल-हिरवा रंग ओळखता येतो का, रातांधळेपणा आहे का, ऐकू येते का, हातपाय धड आहेत का, अशी विचारणा असते. हे सारे आवश्यकच आहे. परंतु झोपेबद्दल त्यात एकही प्रश्न नाही. रक्तातील साखरेचा आणि रक्तदाबाचा रकानाही नाही.

अनेक जण दवाखान्यात येतात ते दारातूनच सांगतात, "डॉक्टरसाहेब, काही तपासायचं नाही, नुसती सही पाहिजे." मी त्यांना आधी बाकावर बसवतो आणि फॉर्ममध्ये नसलेला प्रश्न विचारतो, "रात्री घोरता का? दिवसा बसल्या बसल्या डोळा लागतो का?"

चार वर्षांपूर्वी एक टँकरचालक असाच सहीसाठी आला होता. वय ४६, वजन ९८ किलो, मान आखूड आणि जाड. नजर उत्तम, कान उत्तम. फॉर्मप्रमाणे तो तंदुरुस्त होता. सोबत आलेल्या त्याच्या पत्नीने मात्र सांगितले, "रात्री यांचा श्वास मधेच बंद पडतो. मी हलवलं की परत सुरू होतो. ओट्यावर चहा पितानासुद्धा पेंगतात." झोपेत श्वास अडकण्याच्या या विकाराला स्लीप अ‍ॅप्निया म्हणतात. घशाचा मार्ग वारंवार बंद होतो, मेंदूला दर वेळी जाग येते आणि आठ तास अंथरुणात पडूनही झोप पुरी होत नाही. असा माणूस दुपारी सरळ रस्त्यावर डुलकी घेतो.

मी सही थांबवली. त्या घरात दुसरा कमावता नव्हता, हे मला ठाऊक होते. सही केली तर रस्त्यावरच्यांना धोका, नाही केली तर त्या घराची चूल अडचणीत. मी त्याला तज्ज्ञांकडे तपासणीला पाठवले आणि मालकाला चिठ्ठी दिली. मालक समजूतदार निघाला. त्याने चालकाला तेवढ्या काळात गाडीऐवजी डेअरीवरचे काम दिले. झोपेची तपासणी झाली, रात्री नाकावर लावायचे हवेच्या दाबाचे यंत्र सुरू झाले, वजन सात किलोंनी उतरले. तीन महिन्यांनी तो ताजातवाना होऊन आला आणि मी आनंदाने सही केली. आजार लपवला असता तर नोकरी तीन महिने टिकली असती. पुढचे सांगता येत नाही.

डुलकी किती लांब असते?

ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात सुमारे २२ मीटर पुढे जाते. चार सेकंदांची डुलकी म्हणजे जवळजवळ ९० मीटर गाडी चालकाविना धावली. तेवढ्यात पुढे रिफ्लेक्टर नसलेली उसाची ट्रॉली असेल तर?

सलग १७ तास जागा असलेला माणूस, रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम दारू असलेल्या माणसाइतकाच मंदावतो, असे संशोधनात दिसून आले आहे. आपल्याकडे कायद्याची मर्यादा ३० मिलिग्रॅम आहे. म्हणजे थेंबही न घेतलेला पण रात्रभर जागलेला चालक 'प्यालेल्या'सारखाच असतो. फक्त त्याच्या तोंडाला वास येत नाही.

शरीराच्या घड्याळात झोपेचा जोर मध्यरात्रीनंतर पहाटे पाचपर्यंत आणि पुन्हा दुपारी दोन ते चार असतो. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ खासगी बस उलटून पेटली व २५ प्रवासी दगावले, तीही वेळ मध्यरात्रीनंतरची होती. त्या अपघाताचे कारण ठरवणे तपास यंत्रणांचे काम आहे. पण रात्रीच्या त्या तासांत चालकाचे शरीर त्याच्या बाजूने नसते, एवढे डॉक्टर म्हणून मी सांगू शकतो.

रात्रीची क्वार्टर, पहाटेची खेप

"रात्री घेतली होती, सकाळी उतरली," हा मोठा गैरसमज आहे. एक छोटा पेग निचरा व्हायला यकृताला साधारण एक तास किंवा थोडा जास्तच वेळ लागतो. एका क्वार्टरमध्ये असे सहा पेग असतात. रात्री दहाला ती संपवून पहाटे चारला निघालेल्याच्या रक्तात मर्यादेपेक्षा जास्त दारू असू शकते. थंड पाण्याने अंघोळ, लिंबू किंवा कडक चहा यांनी ती लवकर उतरत नाही. पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

गोळ्यांबाबत सावधान

सर्दीच्या अनेक गोळ्यांत क्लोरफेनिरामाइन असते, त्याने गुंगी येते. खोकल्याची काही औषधे, गाडी लागू नये म्हणून घेतलेली गोळी, झोपेच्या गोळ्या यांचेही तसेच. औषध घेताना "मी गाडी चालवतो" हे डॉक्टरांना आणि दुकानदाराला आधी सांगावे.

मधुमेही चालकांनी जास्त जपावे. इन्सुलिन किंवा काही गोळ्या घेऊन जेवण चुकले तर साखर एकदम उतरते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. अशा वेळी गाडी ताबडतोब बाजूला घेऊन साखर किंवा गूळ खावा आणि पूर्ण बरे वाटेपर्यंत स्टिअरिंगला हात लावू नये. केबिनमध्ये साखरेची पुडी कायम ठेवावी.

चालकबंधूंनी एवढे करावे

१. खेपेच्या आधी सात तास झोप. ती नसेल तर खेप नाही.

२. जांभया, डोळ्यांची जळजळ, मागचे दोन-चार किलोमीटर न आठवणे या धोक्याच्या घंटा आहेत. काच उघडणे, गाणी, तंबाखू यांनी झोप जात नाही. गाडी सुरक्षित जागी थांबवून चहा घ्यावा व १५-२० मिनिटे डुलकी काढावी. उठेपर्यंत चहाचाही असर सुरू होतो.

३. दर दोन तासांनी उतरून चालावे. लघवी रोखू नये, पाणी भरपूर प्यावे. मुतखडा आणि पाठदुखी निम्मी इथेच टळते.

४. चाळिशीनंतर दर वर्षी डोळे, रक्तदाब व साखर तपासावी. रात्री समोरच्या दिव्याने फार दिपते, अशी तक्रार असेल तर मोतीबिंदू पाहून घ्यावा.

मालकांनीही लक्षात घ्यावे. १ ऑक्टोबर २०२५ पासून तयार होणाऱ्या मध्यम व जड मालट्रकना वातानुकूलित केबिन सक्तीची झाली आहे, ही चांगली गोष्ट आहे. पण थंड केबिनमध्ये बसलेला माणूस सोळा तासांचा जागा असेल तर तो आणखी लवकर झोपेल. लांबच्या खेपेला दुसरा चालक द्यावा. क्लीनर म्हणजे दुसरा चालक नव्हे.

आणि प्रवाशांनो, चहाला गाडी दहा मिनिटे जास्त थांबली तर "काय राव, उशीर होतोय" म्हणून चालकाच्या मागे लागू नका. ती दहा मिनिटे तुमच्याही कामाची आहेत.