घरच्या घरी आवाज साठवायची खोली

शहरात गाणी मुद्रित करायला स्टुडिओ असतो. आवाज साठवून ठेवणे याला ध्वनिमुद्रण म्हणतात. स्टुडिओला पैसे लई पडतात. पण आपल्या घरातल्या एका खोलीतसुद्धा चांगले ध्वनिमुद्रण करता येते. ते कसे करावे ते आपण आज शिकू.

थोडी माहिती
अमेरिकेतील शास्त्रज्ञ थॉमस एडिसन याने १८७७ साली फोनोग्राफ बनवला. दंडगोलावर धातूचा पातळ कागद गुंडाळला होता. आवाजाने सुई हलायची आणि कागदावर खाचा पडायच्या. त्याच खाचांवरून सुई परत फिरवली की आवाज ऐकू यायचा. १९०२ साली कोलकात्याला गौहर जान या मोठ्या गायिकेचे गाणे तबकडीवर घेतले. तेव्हा विजेचा माईक नव्हता. कर्ण्यासमोर मोठ्याने गावे लागे. आता साध्या मोबाईलमध्येही माईक असतो. फोनच्या खालच्या कडेला बारीक भोक दिसते, तोच माईक.

आवाज खोलीत काय करतो?
आवाज हवेतून एका सेकंदात सुमारे ३४० मीटर जातो. समजा खोली ३ मीटर रुंद आहे. ३४० ला ३ ने भागा. ११३ येतात. म्हणजे एका सेकंदात आवाज समोरासमोरच्या भिंतींवर शंभराहून जास्त वेळा आदळू शकतो. म्हणून रिकाम्या खोलीत आवाज घुमतो आणि शब्द एकमेकांत मिसळतात. फरशी, पत्रा, सिमेंटची भिंत यांवरून आवाज माघारी येतो. गोधडी, पोते, कापूस यांत तो मुरतो.

प्रयोग
साहित्य : एक रिकामी खोली, चार गोधड्या, दोरी.
कृती : रिकाम्या खोलीत जोरात एक टाळी वाजवा. मग दोरी बांधून तिच्यावर गोधड्या टाका. परत तशीच टाळी वाजवा.
निरीक्षण : पहिली टाळी 'टण्ण' अशी लांबते. दुसरी 'टप्' अशी लगेच संपते.
निष्कर्ष : मऊ वस्तू आवाज शोषून घेतात.

खोली कशी तयार करावी?
१. रस्त्याच्या कडेची खोली घेऊ नये. आतली घ्यावी.
२. गोधडी भिंतीला चिकटवू नये. भिंतीपासून चार बोटे पुढे टांगावी. मग ती जास्त आवाज शोषते.
३. गाणाऱ्याचे तोंड गोधडीकडे असावे. खाली घोंगडी अंथरावी.
४. पंखा आणि फ्रीज बंद करावा. आपल्याला सवयीने त्यांचा आवाज कळत नाही, पण माईकला कळतो.
५. फोनवर विमानाचे चित्र असते ते दाबावे. म्हणजे मधेच कुणाचा फोन येत नाही.
६. फोन तोंडापासून एक वीत लांब आणि थोडा बाजूला ठेवावा. अगदी समोर ठेवला तर प, फ, भ म्हणताना फुंकर बसते.
७. पत्र्याचे घर असेल तर पावसात ध्वनिमुद्रण करू नये.

आम्ही काय साठवले?
आमच्या आळीत जात्यावरच्या ओव्या येणाऱ्या तीन म्हाताऱ्या होत्या. दोघी गेल्या. त्यांच्या ओव्या कुणीच लिहून घेतल्या नव्हत्या, त्या त्यांच्याबरोबरच गेल्या. आता फक्त माझ्या आजीला येतात. तिचाही आवाज बारीक झाला आहे. म्हणून आम्ही माजघरात खोली तयार केली.

आजीला मी म्हणाले, "आजी, नुसती बसून म्हण." ती म्हणाली, "अगं, हात फिरल्याबिगर ओवी येत न्हाय." म्हणून जाते लावावेच लागले. पण जात्याची घरघर आजीच्या आवाजाहून मोठी. मग गुरुजींनी एक नियम सांगितला. मोकळ्या जागी अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर चौथा हिस्सा उरतो. अंतर चौपट झाले की सोळावा हिस्सा. खोलीत इतका फरक पडत नाही, पण पुष्कळ पडतो. आम्ही डब्यावर टॉवेलाची घडी ठेवून तिच्यावर फोन ठेवला. तो आजीच्या तोंडापासून एक वीत आणि जात्यापासून चार वीत होता. जात्याखाली पोते दुमडून घातले, म्हणजे जमिनीतून हादरा येत नाही. दळायला मूठमूठ ज्वारी घातली, कारण रिकामे जाते फिरवले तर दगडावर दगड घासतो.

वेळ दुपारची घेतली. तेव्हा शेळ्या रानात असतात आणि पिठाची गिरणी बंद असते. पहाटे कोंबडे आरवतात. चार दुपारी मिळून ६२ ओव्या झाल्या. एक ओवी आजीच्या लहानपणी गेलेल्या लेकराची होती. ती म्हणाली, "ही कुणाला ऐकवू नगंस." ती आम्ही पुसून टाकली. ज्याचा आवाज आहे त्याला विचारूनच तो ठेवावा.

साठवल्यावर काय करावे?
प्रत्येक ध्वनिमुद्रणाच्या सुरुवातीला गाणाऱ्याचे नाव, गाव आणि तारीख बोलावी. नाहीतर पुढे कुणाचा आवाज ते कळणार नाही. एकाच फोनवर ठेवू नये, फोन पाण्यात पडतो. दोन ठिकाणी ठेवावे. शिवाय ओव्या वहीतही लिहाव्या.

पुण्याच्या हेमा राईरकर आणि त्यांचे सहकारी गी पॉइत्वाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्याखेड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. ते ऐकून आजी म्हणाली, "मंग माझ्या बासष्ट काय थोड्याच!" पण गुरुजी म्हणाले, "ज्या फक्त तुम्हालाच येतात त्या त्या लाखात नसतील." त्यावर आजीने आणखी चार आठवल्या. त्या येत्या रविवारी घेणार आहोत.

स्वाध्याय
१. विहिरीत हाक मारली तर आवाज का घुमतो?
२. तुमची खोली ४ मीटर रुंद असेल तर आवाज सेकंदाला भिंतींवर किती वेळा आदळेल?
३. तुमच्या घरात ओव्या, भारुड, पाळणा किंवा गवळण कुणाला येते? नाव लिहून आणा. घरी गोधडी आहेच, फोन शेजाऱ्यांचाही चालेल.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी