रुमालाखालचा भाव

विद्यार्थिमित्रहो, आपलें धारूर बालाघाटच्या डोंगरांत वसलेलें. ट्रॅक्टर आले, तरी या भागांतील लहान शेतकऱ्याची पेरणी अजून पुष्कळ ठिकाणीं बैलजोडीवरच अवलंबून असते. जोडी घेतांना फसगत झाली, तर सारें वर्ष वायां जातें. म्हणून बैलबाजाराची रीत आपण समजून घेऊं.

नांदेड जिल्ह्यांतील माळेगांव येथें खंडोबाच्या यात्रेंत, मार्गशीर्षाच्या अखेरीस, जनावरांचा मोठा बाजार भरतो. तांबडा लाल कंधारी आणि पांढऱ्या अंगावर काळे ठिपके असलेला देवणी हे आपल्या मराठवाड्याचेच बैल. जाणता शेतकरी प्रथम बैलाचे दांत पाहतो. बैलाला वरच्या जबड्यांत पुढचे दांत नसतात. खालीं आठ असतात. दुधाचे दांत पडून कायमचे दांत जोडीजोडीनें येतात. सुमारें दोन-अडीच वर्षांनीं तो ‘दोन दाती’ होतो. पुढें चार दाती, सहा दाती, आणि पांचव्या वर्षाच्या सुमारास आठही दांत आले, कीं ‘जुळला’ म्हणतात. मालक वय लपवील. दांत लपवीत नाहीं.

मग भाव. दलाल रुमालाखालीं हात धरतो आणि बोटें दाबून किंमत सांगतो. बोट शंभराचें कीं हजाराचें, हें आधीं ठरलेलें असतें. या रीतींत एक सौजन्य आहे: विकणाऱ्याची अडचण चारचौघांत उघडी पडत नाहीं. परंतु त्याच रुमालाखालीं लबाड दलाल एकाला एक भाव, दुसऱ्याला दुसरा सांगून मधले पैसे खाऊं शकतो.

आयर्लंडांतील जुन्या बाजारांतही मध्यस्थ असे. तो दोघांचे हात ओढून एकमेकांवर आपटी, आणि सौदा पटल्यावर विकणारा शुभशकुन म्हणून कांहीं नाणीं परत देई. पण तेथील घासाघीस मोठ्यानें चाले. भोंवतालची गर्दीच साक्षीदार होई. आपल्याकडे साक्षीला दलालाचा हात तेवढा!

महाराष्ट्रांत १९६३ सालीं बाजार समित्यांचा कायदा झाला, तो शेतकऱ्याचा व्यवहार उघड आणि लेखी व्हावा म्हणूनच. तेव्हां, मित्रहो, पुढल्या बाजाराला वडिलांसोबत जा. दांत मोजा, दोन्ही पक्षांकडून भाव तोंडानें वदवून घ्या, आणि इसार देण्यापूर्वीं पावती स्वतः वाचा. आपल्या शिक्षणाचा घराला याहून रोकडा उपयोग कोणता?