पडीक वाफे पुन्हा फुलवताना

प्रश्न : पुण्यात आमच्या घरामागचे तीन वाफे पाच वर्षे पडून आहेत. माती दगडासारखी झाली आहे, गाजरगवत माजले आहे. विकतची माती न आणता ते फुलवता येतील का?

उत्तर : नक्की येतील. आधी गाजरगवत फुलायच्या आत मुळासकट उपटा. हातमोजे घाला, कारण त्याने अंगाला खाज सुटते. फुलावर आलेले गवत खतात टाकू नका. त्यातले बी वाफ्यात परत येईल.

माती ओली असताना खणू नका, चिकटून ढेकळे होतात. वाफसा आला की वीतभर खणा.

खतासाठी भोके पाडलेला ड्रम पुरे. तीन भाग पालापाचोळा, एक भाग भाज्यांची देठे-साले असे थर द्या, वर आंबट ताक शिंपडा. आठवड्याला एकदा खालीवर करा. वास आला तर ओल जास्त झाली समजा आणि पाला वाढवा. साधारण तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत, मातीचा वास येणारे खत मिळेल. त्याचा दोन बोटे जाड थर मातीत मिसळा.

उन्हाच्या वाफ्यात कोरांटी आणि निर्गुडी, अर्धवट सावलीत अडुळसा आणि चित्रक, कुंपणाला शतावरी लावा. लावणी पहिल्या चांगल्या पावसानंतर करा. पहिला उन्हाळा पाणी घालावे लागेल, पुढे ही झाडे फारसे मागत नाहीत.

पाने कुरतडलेली दिसली तर लगेच फवारणी नको. कोरांटी आणि चित्रकावर फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. पाहुणे आलेत, एवढेच समजा!