बिलावर मात्र ‘ज्यूस’

२०२५ च्या उन्हाळ्यात नातवाला जुलाब लागले तेव्हा मी सौंसरच्या मेडिकलमधून ओआरएस आणलं, ज्यूस नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण नंतर आमच्या मोहगावात जो तो मलाच शहाणपण शिकवायला लागला होता.

खोक्यावर ठळक अक्षरांत ओआरएस, शेजारी संत्र्याचं चित्र. (संत्र्याच्या मुलखात आम्ही संत्र्याच्या चवीचं पाणी विकत घेतो, तो विषय वेगळा.) मी विचारलंही होतं, “पुडीतलं असते तेच ना हे?” दुकानदार म्हणाला, “तेच आहे जी काकाजी. उलट पोरगं आवडीनं पिते.” पोरगं आवडीनंच प्यायलं. संध्याकाळपर्यंत जुलाब वाढले, डोळे खोल गेले. रात्री नागपूर गाठलं.

तिथल्या डॉक्टरांनी काय दिलं विचारलं, तर मी ऐटीत खोकं काढून दाखवलं. त्यांनी ते उलटं केलं आणि एका बारीक इंग्रजी ओळीवर नख ठेवलं. जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितलेलं ओआरएस हे नव्हे, असं त्या ओळीत छापलं होतं. खालच्या तक्त्यात १०० मिलीला ११ ग्रॅम साखर. म्हणजे लिटरला ११० ग्रॅम! खऱ्या ओआरएसमध्ये लिटरला साडेतेरा ग्रॅम ग्लुकोज असतं, सोबत मोजून मीठ. जादा साखर आतड्यात पाणी ओढते आणि जुलाब वाढवते. समोर मोठ्या अक्षरात एक, मागे मुंगीच्या अक्षरात दुसरंच. चष्मा लावूनही ती ओळ मला वाचता येईना.

परत येऊन दुकानदाराला गाठलं. म्हणे, “मागं लिहून आहे ना काकाजी, वाचाचं होतं.” मी म्हटलं, बिल दे. त्यानं माझ्यासमोर लिहिलं: ‘ज्यूस, २ नग’. तिथं माझं डोकं फिरलं. विकताना ओआरएस, कागदावर ज्यूस. म्हणजे याला सगळं ठाऊक होतं.

अन्न खात्याकडे तक्रार केली तर साहेब म्हणाले, नमुना पास होईल, नावालाही परवानगी आहे. आणि ते खरंच होतं, हीच चीड. माल निर्भेळ, खोटं होतं ते नाव. दिल्लीच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं (एफएसएसएआय) एप्रिल २०२२ मध्ये अशा पेयांवरचं ‘ओआरएस’ हे नाव अडवलं आणि जुलैत त्या बारीक ओळीच्या अटीवर ट्रेडमार्क म्हणून सोडलं. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष कित्येक वर्षं भांडल्या, कोर्टात गेल्या, तेव्हा कुठं १४ ऑक्टोबर २०२५ ला प्राधिकरणानं त्या परवानग्या मागे घेतल्या. त्याच सुमारास परासियाची लेकरं खोकल्याच्या विषारी औषधानं दगावली, त्यानंतर तर छिंदवाड्याकडे कोणाचाच लेबलावर भरवसा उरला नाही.

आता ऐका. खोक्यावर ‘एफएसएसएआय’ आणि १४ आकडी परवाना क्रमांक दिसला, तर ती खाण्यापिण्याची वस्तू आहे, औषध नाही. मग दुकान मेडिकलचं का असेना. खरं ओआरएस औषधाच्या परवान्यावर बनतं. पुडी एक लिटर पाण्याची असेल तर पाणी एक लिटरच घ्या, अंदाजानं नको. पैसे तरी कशाला घालता, आशाताईकडे पुडी फुकट मिळते, सोबत झिंकच्या गोळ्या. त्या जुलाब थांबले तरी १४ दिवस द्यायच्या. वस्तूची तारीख बघा, बिल घ्या, हे तर सगळेच सांगतात. मी म्हणतो, बिलावर काय लिहिलं ते दुकानातच वाचा.

खोकं फेकू नका, दोन्ही बाजूंचे फोटो काढा. तक्रार ‘फूड सेफ्टी कनेक्ट’ ॲपवर किंवा आपल्या मध्य प्रदेशच्या सीएम हेल्पलाइनवर, १८१ वर करा आणि ‘भेसळ’ म्हणू नका, ‘दिशाभूल करणारं लेबल’ म्हणा. भेसळ म्हटलं की नमुना पास होतो आणि फाईल बंद. चुकीच्या लेबलाला अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम ५२ खाली तीन लाखांपर्यंत दंड आहे.

परवा त्याच दुकानात डोकावलो. खोकं तेच, संत्रं तेच, फक्त नाव बदललेलं. त्यानं मला पाहिलं आणि मोबाईलमध्ये मान घातली.