बेणं विकू नकोस

वसमत

चि. बाळू,



ताईचा फोन आला होता. तू रात्री दोन-दोनला उठून मोबाईलवर इन्कम टॅक्सचं पोर्टल उघडतोस म्हणे. अरे, अपिलाचा निकाल काय रात्री दोनला लागतो?

हसतोय असं समजू नकोस. माझं विक्रीकराचं प्रकरण सहा वर्षं चाललं. वसमत तेव्हा परभणी जिल्ह्यातच. तारीख असली की मीटरगेजने पूर्ण्याला आणि तिथून परभणीला. तारखा सोसल्या, मधले रिकामे दिवस सोसवले नाहीत. पोस्टमनच्या सायकलची घंटी वाजली की मी मागच्या दाराने वखारीत. एकदा त्याने दिलेलं पाकीट मी चार दिवस फोडलंच नाही, आणि निघालं काय, तर तुझ्या बारशाचं आमंत्रण! ताई अजून ऐकवते.

तू म्हणतोस, खात्याने चोर ठरवलं. आदेशात तो शब्द कुठे आहे, दाखव. नोटाबंदीत भरलेल्या रोकडीचा खुलासा पटला नाही, एवढंच त्यात आहे. अर्थात 'एवढंच' म्हणायला माझं काय जातं! खुलासा न पटलेल्या रकमेला त्या वर्षासाठी अधिभार-उपकर धरून शेकडा 77 रुपयांवर कर लागतो, व्याज वेगळं. झोप उडणारच. पण शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं, तरी ही रोकड हळदीचीच हे दाखवायचं आपल्याच अंगावर असतं, आणि तो पुरावा तुझ्या घरातच पडलाय.

भाऊजींच्या पत्र्याच्या डब्यातल्या 2016 च्या हिशोबपट्ट्या काढ. मागे पाहिल्या तेव्हा पिवळ्या बोटांनी माखलेल्या होत्या आणि कार्बनचे आकडे विरत चालले होते. 'एकूण'चा रकाना तर उजेडाकडे धरूनच वाचावा लागला. आधी झेरॉक्स, मग बाकीचं. ई-पीक पाहणी 2021 ला आली, त्यामुळे त्या सालचा पीकपेरा तलाठ्याच्या हातचा असणार. त्याची नक्कल मिळव. आणि छकुलीची लग्नपत्रिका. शिमग्याला विकलेल्या हळदीचे पैसे नोव्हेंबरपर्यंत घरात कशाला ठेवले, याचं उत्तर त्या पत्रिकेवरच्या तारखेत आहे.

आणखी एक. पोर्टलवर ईमेल कोणाचा आहे ते बघ. आपल्याकडे निम्म्या लोकांचा तो जुन्या कर सल्लागाराचाच असतो. नोटीस तिकडे पडून राहते आणि आपल्यामागे एकतर्फी आदेश होतो. स्वतःचा टाक. अपील केलं म्हणून वसुली आपोआप थांबत नाही, स्थगितीचा अर्ज वेगळा द्यावा लागतो. साधारण 20 टक्के भरून घेऊन बाकीची थांबवतात. तो अर्ज दिला नाहीस, म्हणून तर रिफंड मागणीत वळता झाला असेल. कोणी फोन करून 'मिटवून देतो' म्हणाला तर फोन ठेवून दे. नोटीस खरी असली तर तिच्यावर डीआयएन नंबर असतो, तो पोर्टलवर ताडून बघता येतो.

पोर्टल सोमवारी सकाळी, चहा झाल्यावर, एकदा. निरोप आला तर मोबाईल वाजेलच. कागद एका पिशवीत, पिशवी कपाटात. आणि सूनबाईला मागणीचा आकडा सांग. तिला वाटतंय तू कुठे उधारीत अडकलास, ताईजवळ रडली. मी प्रकरणभर तुझ्या मामीपासून लपवत होतो. तिला सगळं ठाऊक होतं, वखारीतल्या हमालांकडून.

यंदा हळद लावायचीच नाही म्हणतोस, ते मात्र मला अजिबात पटलेलं नाही. अपील कधी निघेल ते तुझ्या हातात नाही, जून मात्र येणारच. सावलीत ठेवलेलं बेणं विकू नकोस. कोंब तपासून सडलेलं वेगळं काढ, आणि रविवारी डबा घेऊन इकडे ये. झेरॉक्सवाला बारापर्यंतच असतो.

तुझा,
मामा